खिळे, फाँट आणि कपाटातल्या सीडी



राजकारण, क्रिकेट आणि मधुमेह या तीन विषयांवर मत नसलेला माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. त्यात आता मोबाइलची भर पडली आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणीही असो, मठ्ठा येईपर्यंत गाडी फोनवर येतेच. ‘आयफोन म्हणजे नुसते नावाचे पैसे.’ ‘स्वस्तातला घेऊ नका, दोन वर्षांत बॅटरी बसते.’ ‘आमचे जावई म्हणाले, आठ जीबीच्या खाली बघूच नका.’ आणि सर्वांत लाडकं मत : ‘अपडेट मारलं की फोन मुद्दाम स्लो करतात.’

हे शेवटचं मत जाणकार मंडळी हसण्यावारी न्यायची. २०१७च्या डिसेंबरात ॲपलनेच कबूल केलं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण कमी करतो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून करतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे अमेरिकेतल्या दाव्यात कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई द्यायची तयारी दाखवली. तेव्हा पंगतीतली मतं अडाणी असतात असं मी म्हणणार नाही. पैसे मोजलेल्या माणसाचा अनुभव त्यांत असतो, आणि तो बऱ्याचदा खरा असतो.

माझी तक्रार वेगळी आहे. आपली बहुतेक मतं वस्तू घ्यायच्या दिवसाची असतात. किंमत, कॅमेरा, जीबी, रंग. कंपनीने त्या वस्तूवरून हात काढून घेतला, की त्या दिवशी काय करायचं, याबद्दल आपण मत बनवतच नाही. आज मला त्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या गावचे मुद्रक होते. म्हणून मोबाइलपेक्षा छपाईचं उदाहरण घेतो. माझा धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा. शाई मी लांबून पाहिलेली आहे. पण या विषयात त्यांचा धंदा आणि माझा धंदा एकमेकांत चांगलेच गुंतलेले आहेत.

त्या दिवशी उपयोगी पडतं ते ओपन सोर्स, आणि त्याबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. ‘फुकटात मिळतं ते काय दर्जाचं असणार?’ आणि ‘ते सगळं कॉम्प्युटर इंजिनिअर लोकांचं काम.’

दुसरं आधी निकालात काढू. आपल्या लग्नाची सीडी संगणकात घातली, नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ती चालेना, मग भाच्याने केशरी-पांढऱ्या शंकूचं चित्र असलेलं काहीतरी टाकून दिलं आणि सनई वाजायला लागली, हा अनुभव या सभागृहात किती जणांना आहे? हात वर केलेत त्या सर्वांनी ओपन सोर्स वापरलेलं आहे. तो व्हीएलसी प्लेअर. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो निघाला आणि २००१पासून त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सर्वांना खुला आहे. २०२२मध्ये काही महिने त्याचं अधिकृत संकेतस्थळ भारतात बंद होतं, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते पुन्हा उघडलं. त्या काळात कोणाच्या घरची सनई थांबली असेल असं वाटत नाही, कारण एकदा उतरवलेला व्हीएलसी चालायला कोणाची परवानगी लागत नाही.

पहिलं मत, फुकटाचं, जरा चिवट आहे. परदेशात ओपन सोर्सचा प्रचार करताना ‘पैसे वाचतील’ असं सांगतात. आपल्याकडे तो मुद्दा कधी चाललाच नाही, आणि त्याचं कारण आपण चारचौघांत बोलत नाही. आपल्याकडे सगळंच फुकट होतं. असेंबल केलेला संगणक घ्यायचा, दुकानदार त्यात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि दोन-चार गेम ‘टाकून’ द्यायचा. क्रॅक चालला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकून द्यायचा. अशा गावात कोणी येऊन ‘विंडोजऐवजी लिनक्स घ्या, फुकट आहे’ म्हणाला तर लोक त्याच्याकडे कशाला बघतील? ओपन सोर्सची झुंज विकतच्या सॉफ्टवेअरशी झालीच नाही, चोरीच्या सॉफ्टवेअरशी झाली. आणि चोरीचा माल नेहमी जास्त ओळखीचा असतो.

म्हणून किमतीचा मुद्दा मी बाजूलाच ठेवतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ मजकूर वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला दुसऱ्याला देता येतो असा प्रोग्रॅम. हे सगळं लेखी परवान्यासकट. विकत मिळतो की फुकट, हा पुढचा प्रश्न.

या चळवळीची सुरुवात एका प्रिंटरपाशी झाली, हे आजच्या प्रसंगी सांगायलाच हवं. १९८०च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर दिला. माणसं एका मजल्यावर, प्रिंटर दुसऱ्या. त्यात कागद अडकायचा. माणूस तासाभराने जिना उतरून जायचा, तर छपाई कधीचीच थांबलेली. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तिथल्या प्रोग्रॅमरने जुन्या प्रिंटरच्या वेळी यावर साधा उपाय केला होता : कागद अडकला, की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर निरोप. नव्या प्रिंटरसाठी तेच करायचं म्हटलं, तर त्याचा सोर्स कोड मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो होता. स्टॉलमन गेला, मागितला. त्या गृहस्थाने नाही म्हटलं, कारण कोणाला देणार नाही असं त्याने कंपनीला लिहून दिलेलं होतं. १९८३च्या सप्टेंबरात स्टॉलमनने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९मध्ये जीपीएल हा परवाना आणला. घ्या, वाचा, बदला, वाटा. पण बदललेलं वाटणार असाल तर तुमचा सोर्स कोडही सोबत द्या, अशी त्याची अट. १९९१मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं आणि पुढे ते याच परवान्याखाली आणलं. पंगतीत ज्या अँड्रॉइडवरून वाद रंगतो, त्याच्या तळाशी तेच लिनक्स आहे.

स्टॉलमनच्या जागी आपला एखादा मशीनमन असता तर त्याने काय केलं असतं? झाकण उघडलं असतं, पाना घेतला असता. ट्रेडल छपाईयंत्राचा एखादा भाग तुटला, तर मुद्रक तो लोहाराकडून किंवा वर्कशॉपमधून करून आणायचा. मशीन बनवणारी कंपनी दूर कुठे तरी, आहे की बुडाली याचीही त्याला खबर नसायची आणि गरजही नसायची. शिशाच्या खिळ्यांचंही तसंच. ज्या फाउंड्रीतून खिळे आणले ती बंद पडली म्हणून केसमधले खिळे उमटायचे थांबत नसत. झिजले तर वितळवून नवे ओतता यायचे. खिळे जुळवणारा माणूस एका छापखान्यातून दुसऱ्यात गेला तर चार दिवसांत तिथल्या केसला सरावायचा.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, आलं. त्याने मराठी छपाईवर जे उपकार केले ते मी कमी लेखत नाही. दिवाळी अंकाचं जे काम महिनाभर चालायचं ते आठवड्यावर आलं. पण त्याच वेळी खिळे मुद्रकाच्या हातातून गेले, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पडद्यावर अक्षरं तर दिसत होती!

ती अक्षरं कशी दिसत होती हे जरा जवळून पाहू. तेव्हाच्या संगणकातल्या फाँटात २५६ जागा, आणि त्या मुळात इंग्रजी व युरोपीय अक्षरांसाठी आखलेल्या. मराठी फाँट करणाऱ्यांनी त्याच जागांवर आपले आकार बसवले. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी ए किंवा डॉलरची खूण. डोळ्याला दिसायचा ‘अ’ किंवा रफार. कोणता आकार कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. भारतीय मानक ब्यूरोने १९९१मध्ये इस्की नावाचं प्रमाण ठरवलेलं होतं, पण ते अक्षरांचं होतं. फाँटातल्या आकारांचा कारभार ज्याचा त्याच्यापाशीच राहिला. त्यामुळे एका प्रेसची फाइल दुसऱ्या प्रेसमध्ये उघडली, की टोपी घातलेले ए, उलटे प्रश्नचिन्ह आणि स्वल्पविराम यांची रांगोळी. हा अनुभव ज्याला नाही तो डीटीपीवाला नव्हे.

शिवाय लॉक. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या वायरच्या जागी लावायचं ते चिमुकलं खोकं. ते असेल तरच मराठी उमटणार. काही मालक ते रात्री काढून घरी न्यायचे. कंपन्यांना दोष देणं सोपं आहे, पण मघाशी म्हटलं ते आठवा. आपण सगळंच क्रॅक करून वापरत होतो, तर त्यांनी पोट कसं भरायचं? लॉक आपल्यामुळेच आलं. पण पुढे संगणकावरची ती मागची जागाच बाजारातून गेली. लॉक कपाटात सुखरूप आहे, लावायला भोक नाही.

आणि ज्यात पानं लावली तो पेजमेकर. १९८५मध्ये आल्डस कंपनीने तो आणला, १९९४मध्ये ॲडोबीने ती कंपनीच घेतली, २००१मध्ये सातवी आवृत्ती आली आणि ती शेवटची. आपले लोक त्यानंतरही कित्येक वर्षं त्यावरच पानं लावत राहिले. ॲडोबीचा इनडिझाइन जुन्या पेजमेकर फाइली उघडायचा, पण तेही सीएस-६ या आवृत्तीपर्यंतच. त्यापुढच्यांनी ते काम सोडून दिलं.

गेल्या वर्षी ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या मुद्रकांच्या मुलांनी त्यांच्या छापखान्यातल्या सीडींचं कपाट वाचनालयाला दिलं. त्यात नगरपालिकेच्या स्मरणिका आहेत, शाळांची हस्तलिखितं छापून काढलेली आहेत, तालुक्यातल्या कवींचे ज्याच्या त्याच्या खर्चाने निघालेले संग्रह आहेत, आणि बंद पडलेल्या दोन दिवाळी अंकांचे कित्येक अंक आहेत. छापील प्रती काहींच्या आहेत, काहींच्या वाळवीने नेल्या. सीडींवर सुंदर अक्षरात नावं घातलेली. खरेदीच्या दिवशी यातली प्रत्येक वस्तू उत्तम होती. पेजमेकर उत्तम, फाँट सुरेख, सीडी तर शंभर वर्षं टिकतात म्हणे.

आता ऐका. पेजमेकरच्या फाइली आज उघडतात, आणि त्या उघडणारा प्रोग्रॅम ॲडोबीचा नाही. २०१४मध्ये काही ओपन सोर्स मंडळींनी बंद पडलेल्या फाइल-प्रकारांना वाचतं करायचा एक प्रकल्प सुरू केला. फाइलीतले आकडे एकेक करून तपासायचे, कुठे मजकूर आहे, कुठे चौकट आहे, हे ओळखायचं, आणि ते वाचणारा कोड लिहून सर्वांना द्यायचा. त्यातूनच पेजमेकर वाचणारा कोड आला आणि तो लिबरऑफिस या खुल्या ऑफिस-प्रोग्रॅममध्ये २०१५पासून आहे. पानाची मांडणी थोडी विस्कटते, पण मजकूर हाती येतो.

हाती येतो म्हणजे ती रांगोळी हाती येते. मराठी व्हायला अजून एक पायरी आहे. यासाठी हौशी लोकांनी परिवर्तक लिहिलेले आहेत. साधा तक्ता असतो : या खुणेच्या जागी हे अक्षर. पण नुसती अदलाबदल करून भागत नाही. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या. जुन्या फाँटात तो दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो : म, काना, मग वेलांटी, मग म, मग त्याच्या डोक्यावरचा रफार, मग क. युनिकोड या आजच्या सामायिक प्रमाणात तो आपण बोलतो त्या क्रमाने साठवायचा असतो : म, काना, मग पाय मोडलेला र, मग म, मग वेलांटी, मग क. म्हणजे परिवर्तकाला वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते आणि रफार उचलून मागे आणावा लागतो, तोही मधल्या जोडाक्षराला धक्का न लावता.

आणि आपली खास मराठी अडचण वेगळीच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला ‘दऱ्या’तला तो आडवा र लागत नाही. बरेच परिवर्तक हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले; त्यांच्या तक्त्यात या आकाराची ओळच नसते, किंवा ते त्याचा सरळ रफार करून टाकतात. सह्याद्रीवरच्या कवितेत अचानक समुद्र उसळतो. ‘दुसऱ्या’चं बिघडलं तर शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम पकडेल, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही बरोबर शब्द, तो काय पकडणार?

२०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी नोंदवली. एवढ्या लोकांच्या एका अर्ध्या र साठी परदेशातली कंपनी कधी माणूस बसवेल याची वाट पाहायची, की आपण बसायचं? जिथे कोड उघडा होता तिथे आपली माणसं बसली. पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या कचेरीतून लोहित या खुल्या फाँटांची देखभाल व्हायची. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाने मुक्ता, बलू हे फाँट खुल्या परवान्याने दिले, आणि राज्य मराठी विकास संस्थेसाठी यशोमुद्रा केला. पडद्यावर जोडाक्षर जुळवायचं काम हार्फबझ नावाचा एक खुला प्रोग्रॅम करतो. तो फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनवर ‘ऱ्य’ नीट दिसतो तो खिळे जुळवणारा हाच. त्याची चूक सापडली तर ती कोणालाही दाखवून देता येते, आणि येत असेल तर सुधारूनही.

आता दुसरी बाजू, नाहीतर मी प्रचारक ठरेन. उघडा कोड म्हणजे सुरक्षित कोड असं नाही. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा सापडला. तो सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा होता, थकलेला होता. कोणी तरी टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत केली, विश्वास कमावला, आणि मग दरवाजा बसवला. पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरने, तोही दुसरंच काम करताना. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून. कोड उघडा होता म्हणून तो खोलात जाऊ शकला हे खरं. पण इतक्या लोकांचा भार एका थकलेल्या माणसावर होता हेही खरं, आणि त्याला मदत करायला आपल्यापैकी कोणी गेलं नव्हतं.

लिनक्सच्या उत्साही कार्यकर्त्यांबद्दलही बोलायला हवं. ते येतात, दुकानदाराच्या संगणकावर लिनक्स टाकतात आणि भाषण करून जातात. सोमवारी हिशेबाचं टॅली चालत नाही, कारण टॅली विंडोजवर चालतं, आणि जीएसटीची तारीख उद्यावर आलेली असते. तो दुकानदार पुन्हा आयुष्यात ओपन सोर्सचं नाव घेत नाही. त्याचं मत अनुभवातूनच बनलेलं आहे, त्याला हसू नये. आणि मराठी पडद्यावर ‘धारिका’, ‘कळफलक’ असं वाचायला लागलं की तो घाबरून इंग्रजीवर जातो, यात त्याची काय चूक?

पण त्याच दुकानदाराला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला तेव्हा संगणक भंगारात काढायची वेळ आली. मशीन ठणठणीत, पण विंडोज ११ला हवी ती सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर त्यात नाही. अशा मशीनवर लिनक्स मिंट सुखाने चालतं. वाचनालयातल्या संगणकांवर तेच टाकलेलं आहे. लोक पेपर वाचतात, अर्ज भरतात, काय बदललं हे विचारतसुद्धा नाहीत. हिशेबाचं मशीन मात्र विंडोजवरच ठेवा, असं मी स्वतः सांगतो.

तर व्याख्यानानंतर ‘सर, फोन कोणता घेऊ?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर आत्ताच देतो. कोणताही घ्या. फक्त विकणाऱ्याला विचारा, सुरक्षेचे अपडेट कोणत्या सालापर्यंत देणार आणि बॅटरी गावात बदलून मिळेल का. त्याला सांगता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा. आणि त्या फोनवर आईच्या आवाजातल्या ओव्या रेकॉर्ड करणार असाल, तर त्या कोणत्या प्रकारच्या फाइलीत जातात आणि दुसऱ्या यंत्रावर वाजतात का, हे आजच पाहून ठेवा.

कपाटाचं काम मात्र अर्ध्यावर आहे. सीडी बहुतेक वाचून झाल्या. काहींनी मान टाकली. फाइली उघडल्या, परिवर्तकाचा तक्ता तयार आहे आणि तो वाचनालयाने खुला ठेवला आहे, ज्याला हवा त्याने न्यावा. त्यात ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’च्या ओळी घातल्या आहेत, पण छापखान्यात निदान तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँट वापरलेले असल्यामुळे प्रत्येकात त्या निराळ्या निघतात. शेवटी डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही. एका वेळी सोळा पानांचा एक फर्मा, तांबडी शाई आणि जुनी सवय एवढं पुरे. संगणक यायची अट नाही. या गावात प्रुफं तपासलेली माणसं आहेत, त्यातली काही पहिल्या रांगेत बसलेली मला दिसताहेत. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, त्यात नाव आणि कोणत्या वारी जमेल ते लिहून जा. दिवाळी अंकांपासून सुरुवात करतो आहोत.